घर शंभर यार्डांवर होतं

7 जानेवारी 2023, शनिवार. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातलं मेम्फिस शहर. रात्री 8 वाजून 24 मिनिटांच्या सुमारास पोलिसांनी एक मोटार अडवली. 9 वाजून 8 मिनिटांनी त्या मोटारीचा चालक रुग्णवाहिकेतून इस्पितळाकडे निघाला. मध्ये 44 मिनिटं गेली. तीन दिवसांनी तो मरण पावला. त्याचं नाव टायरी निकल्स, वय 29.

या 44 मिनिटांचा हिशेब नीट मांडायला हवा, कारण पोलिसांच्या मारहाणीवरून अमेरिकेत जे नागरी हक्कांचे दावे चालतात, त्यांतला वाद बहुतेक वेळा घड्याळाचाच असतो. ते सुरू कुठून करायचं? पोलिसाचा हात उठला त्या क्षणापासून, गाडी अडवली तिथपासून, की वरिष्ठांनी असं पथक रस्त्यावर सोडलं त्या दिवसापासून? शेवटचा क्षण कापून वेगळा काढला की पोलिसाची भीती तेवढी दिसते. ती भीती कुणी आणि कशी तयार केली, हे दिसेनासं होतं. म्हणून हा घटनाक्रम त्या रात्रीच्या बराच आधीपासून सांगतो.

3 ऑक्टोबर 1974, रात्री पावणेअकरा

शहर हेच, मेम्फिस. शेजारच्या घरात कुणीतरी शिरलंय, असा पोलिसांना फोन आला. मागच्या अंगणात 15 वर्षांचा एडवर्ड गार्नर कुंपणाशी सापडला. पोलिसाने विजेरीच्या उजेडात त्याचे हात पाहिले. त्यांत शस्त्र दिसलं नाही. मुलगा कुंपण चढू लागला, तेव्हा पोलिसाने गोळी झाडली. ती डोक्याच्या मागच्या बाजूला लागली. मुलाजवळ एक पर्स आणि 10 डॉलर मिळाले. पळणाऱ्याला पकडण्यासाठी लागेल तो उपाय करण्याची मुभा टेनेसीच्या कायद्याने पोलिसांना दिलेली होती.

मुलाच्या वडिलांनी दावा लावला. आधार होता 1871 सालच्या कायद्याचा. यादवी युद्धानंतर दक्षिणेत कू क्लक्स क्लॅनने दहशत माजवली होती आणि स्थानिक अधिकारी तिकडे काणाडोळा करत होते, म्हणून संसदेने तो केला होता. सरकारी अधिकाराच्या जोरावर कुणी नागरिकाचा घटनात्मक हक्क मोडला, तर त्याला थेट संघराज्याच्या न्यायालयात खेचता येतं. 'कलम 1983' म्हणून वकील आजही रोज वापरतात ते हेच. मार्च 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: पळणाऱ्या माणसापासून कुणाच्या जिवाला गंभीर धोका नसेल, तर तो केवळ पळतोय म्हणून त्याच्यावर प्राणघातक बळ वापरता येणार नाही.

अमेरिकेतल्या प्रत्येक पोलीस प्रशिक्षणात शिकवला जाणारा हा नियम मेम्फिसच्या एका बापाने मिळवलेला आहे.

ऑक्टोबर 2021

खुनांच्या संख्येने शहर हैराण झालं होतं. त्याच वर्षी सेरेलिन डेव्हिस पोलीसप्रमुख म्हणून आल्या होत्या. त्यांनी 'स्कॉर्पियन' नावाचं पथक उभं केलं. इंग्रजीतलं लांबलचक नाव शेजारपाजारात शांतता परत आणण्याविषयी होतं, पण त्याची आद्याक्षरं जुळवून नाव केलं ते विंचवाचं. सुमारे 40 पोलीस, बिनखुणेच्या गाड्या आणि काम एकच: ज्या वस्त्यांत गुन्हे जास्त, तिथे उतरायचं, गाड्या अडवायच्या आणि झडत्या घ्यायच्या.

जानेवारी 2022 मध्ये महापौर जिम स्ट्रिकलंड यांनी शहरापुढे पथकाचा हिशेब ठेवला: 566 अटका, त्यांतल्या 390 गंभीर गुन्ह्यांच्या, 270 वाहनं जप्त, 253 शस्त्रं जप्त आणि 1 लाख 3 हजार डॉलर रोख. यशाचं मोजमाप हे असं होतं. किती गाड्या विनाकारण अडवल्या, किती जणांना रस्त्यावर पालथं पाडून मग 'काही नाही, जा' म्हणून सोडलं, याचा आकडा त्या भाषणात नव्हता. मोजलं जातं तेच काम वाढतं, हे कुठल्याही कचेरीत बसलेल्या माणसाला ठाऊक असतं. या पथकात मोजल्या जात होत्या अटका.

पुढे ज्या पाच जणांवर आरोप ठेवले गेले, ते 24 ते 32 वयाचे होते आणि 2017 ते 2020 च्या दरम्यान भरती झालेले. पाचही जण कृष्णवर्णीय होते. टायरीही कृष्णवर्णीय होता. एखाद्या गोऱ्या पोलिसाच्या मनातल्या द्वेषावर सगळं ढकलून मोकळं होण्याची सोय या प्रकरणात नाही.

शनिवार, संध्याकाळ

टायरी कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोचा. मेम्फिसमध्ये तो आई रोवॉन वेल्स आणि सावत्र वडील रॉडनी यांच्याकडे राहत होता. फेडेक्समध्ये दुसऱ्या पाळीत नोकरी. स्केटबोर्ड चालवण्याचा नाद, फोटो काढण्याची आवड, 4 वर्षांचा मुलगा. आईचं नाव त्याने दंडावर गोंदवून घेतलं होतं. शेल्बी फार्म्स या मोठ्या उद्यानात जाऊन सूर्यास्ताचे फोटो काढणं हा त्याचा आवडता उद्योग, आणि त्या संध्याकाळीही तो तिथेच गेला होता, असं आईने नंतर सांगितलं. रात्रीच्या जेवणाला ती तीळ लावलेलं चिकन करणार होती.

रात्री 8.24

रेन्स रोड आणि रॉस रोड मिळतात तो चौक. आई-वडिलांचं घर इथून गाडीने काही मिनिटांवर.

आपल्याकडे शिट्टी ऐकली की माणूस गाडी कडेला लावतो, उतरतो आणि कागद घेऊन हवालदाराकडे चालत जातो. अमेरिकेत असं उतरणंच धोक्याचं. मागे दिवे लुकलुकले की कडेला थांबायचं, काच खाली करायची, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहायचं आणि खिशात हात घालण्याआधी विचारायचं. तिकडे नव्याने गेलेल्या मराठी माणसाला ओळखीचे लोक हे आधी सांगून ठेवतात. कृष्णवर्णीय घरांत मात्र आईबाप मुलांना बसवून हेच शिकवतात ते जीव वाचावा म्हणून.

टायरीला हे पाळायची संधीच मिळाली नाही. पोलीस गाड्यांतून उड्या टाकत आले, पिस्तुलं उगारलेली. त्याला दार उघडून बाहेर खेचलं. आपण काही केलेलं नाही, असं तो म्हणाला. कशासाठी अडवलं, हे चित्रफितीत कुणी त्याला सांगताना दिसत नाही. वाहन बेदरकार चालवल्याचं कारण पोलिसांनी नंतर दिलं. त्याचा पुरावा मिळालेला नाही, हे पोलीसप्रमुख डेव्हिस यांनी स्वतःच पुढे मान्य केलं.

खाली झोप, असा हुकूम झाला. तो जमिनीवरच होता आणि तसं सांगतही होता. हात दे, असा हुकूम झाला. हात दुसऱ्या पोलिसाने धरलेले होते. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने चित्रफिती तपासल्या, तेव्हा साधारण 13 मिनिटांत किमान 71 हुकूम मोजले गेले. त्यांतले बरेच एकमेकांच्या विरुद्ध, काही तर पाळणं अशक्य. तुम्ही फार करताय, मला फक्त घरी जायचंय, असं तो त्यांना सांगत राहिला. त्याचा आवाज पोलिसांच्या मानाने शांत आहे. ही चित्रफीत पाहताना सर्वांत अस्वस्थ करतं ते हेच: त्या रस्त्यावर धीर धरून बोलणारा माणूस एकच होता आणि तो अडवलेला होता.

डोळ्यांवर तिखटाचा फवारा मारला गेला, विजेचा झटका देणारी टेझर झाडली गेली. तो सुटला आणि पळाला. ज्या दिशेने पळाला, तिकडे घर होतं.

टेझर झाडणारा प्रेस्टन हेम्फिल मागेच राहिला. सहकाऱ्यांनी टायरीला लाथांनी तुडवावं, अशी इच्छा त्याने बोलून दाखवली आणि ती त्याच्याच अंगावरच्या कॅमेऱ्यात टिपली गेली. त्याला नोकरीतून काढलं, गुन्हा मात्र दाखल झाला नाही.

8.33 च्या सुमारास

कॅसलगेट लेन आणि बेअर क्रीक लेनचा कोपरा. घर शंभर यार्डांच्या आत.

इथलं दृश्य खांबावरच्या पोलीस कॅमेऱ्याने वरून टिपलं. त्याला आवाज नाही. आवाज पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांत आहे. दोन्ही जोडून पाहिलं की जवळपास तीन मिनिटांचा प्रसंग उभा राहतो: पुन्हा फवारा, डोक्यावर लाथा, दंडुक्याचे फटके, आणि दोघांनी हात धरून उभं केलेल्या माणसाच्या तोंडावर ठोसे. त्याने आईला हाक मारली. एकदा नाही, अनेकदा.

या तीन मिनिटांत एकाही पोलिसाने दुसऱ्याचा हात धरला नाही. सहकारी जादा बळ वापरत असेल तर त्याला थांबवणं, हे मेम्फिस पोलिसांच्या स्वतःच्या नियमांत कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे.

सरकारी वकिलांनी नंतर न्यायालयात सांगितलं की ही मारहाण पळाल्याबद्दलची शिक्षा होती. पोलिसांत तिला नाव होतं 'रन टॅक्स', म्हणजे पळून जाण्याचा कर. एखाद्या कृत्याला खात्यात असं रुळलेलं नाव असतं, तेव्हा ते एका रात्रीचं नसतं.

8.41

अग्निशमन दलाची गाडी आली. ती 8.31 लाच निघायला सांगितली होती, पहिल्या ठिकाणच्या तिखटाच्या फवाऱ्यासाठी. तोवर टायरीला बेड्या घालून पोलिसांच्या गाडीला टेकवून बसवलं होतं. तो एका बाजूला कलंडत होता. गाडीबरोबर आलेल्या दोघा वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी त्याची नीट तपासणी केली नाही. हे त्यांच्याच दलाने पुढे लेखी कबूल केलं आणि एका अधिकाऱ्यासह तिघांना काढून टाकलं.

आजूबाजूला पोलीस उभे होते, धापा टाकत आपण कसं मारलं ते एकमेकांना सांगत होते. त्याने काहीतरी नशा केलीय, त्याने बंदुकीला हात घातला, अशी वाक्यंही तिथेच फिरू लागली. चित्रफितीत टायरीचा हात बंदुकीकडे जाताना दिसत नाही. डिमीट्रियस हेली या पोलिसाने जखमी टायरीचा फोटो मोबाइलवर काढला आणि इतरांना पाठवला.

8.55 रुग्णवाहिका पोचली. 9.02 उपचार सुरू झाले. 9.08 गाडी सेंट फ्रान्सिस इस्पितळाकडे निघाली.

प्रशिक्षित माणूस पोचल्यापासून पहिला उपचार सुरू होईपर्यंत 21 मिनिटं. मारहाणीच्या तीन मिनिटांइतकाच या 21 मिनिटांचाही जाब विचारला गेला पाहिजे, असं मला वाटतं. मारताना माणूस भडकलेला असतो, अशी सबब पुढे करता येते. या 21 मिनिटांत कुणीही भडकलेलं नव्हतं.

त्याच रात्री, घराच्या दारात

पोलिसांनी रोवॉन वेल्स यांचं दार ठोठावलं. तुमच्या मुलाला दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पकडलंय, तो काही नशापाणी करतो का, अशी विचारणा झाली. मुलगा कोपऱ्यावरच होता, हे त्यांना सांगितलं गेलं नाही. पहाटे 4 वाजता इस्पितळातून डॉक्टरांचा फोन आला: तुम्ही अजून इथे का नाही?

8 जानेवारी

पोलीस खात्याने निवेदन काढलं. बेदरकार वाहन चालवणाऱ्याला अडवलं, झटापट झाली, तो पळाला, पुन्हा झटापट झाली, मग त्याला श्वास घ्यायला त्रास होत असल्याची तक्रार त्याने केली, म्हणून रुग्णवाहिका बोलावली. लाथा, दंडुका, ठोसे यांचा उल्लेख नाही. खांबावर कॅमेरा नसता, तर टायरी निकल्सची अधिकृत कहाणी एवढीच राहिली असती.

10 तारखेला तो गेला. डोक्याला बसलेल्या मारामुळे मृत्यू, असं शवविच्छेदनात निघालं. 20 ला पाच जण बडतर्फ झाले: ताडॅरियस बीन, डिमीट्रियस हेली, एमिट मार्टिन, डेस्मंड मिल्स आणि जस्टिन स्मिथ. 26 ला त्यांच्यावर खुनाचा आरोप आला, 27 ला चित्रफिती जाहीर झाल्या, 28 ला स्कॉर्पियन बरखास्त. तीन आठवड्यांत इतकं सगळं. अमेरिकेत अशा प्रकरणात हा वेग क्वचितच दिसतो.

19 एप्रिल 2023

रोवॉन वेल्स यांनी संघराज्याच्या न्यायालयात दिवाणी दावा दाखल केला. मागणी 55 कोटी डॉलरची. प्रतिवादी: पोलीस, वैद्यकीय कर्मचारी, पोलीसप्रमुख आणि खुद्द मेम्फिस शहर. कायदा तोच, 1871 चा.

हा दावा फौजदारी खटल्याहून वेगळा असतो. कुणाला तुरुंगात टाकणं हा त्याचा हेतू नसतो. इथे दोन भिंती आडव्या येतात. पहिली 'क्वालिफाइड इम्युनिटी'. जवळजवळ अशाच प्रकारचं वर्तन बेकायदा असल्याचं आधीच्या निकालांनी स्पष्ट केलेलं नसेल, तर हक्क मोडला असूनही त्या पोलिसाला नुकसानभरपाईतून सूट मिळते. दुसरी भिंत शहराची. शहराला ही सूट नाही, पण 1978 च्या मोनेल निकालाप्रमाणे नुसता नोकर चुकला एवढं दाखवून भागत नाही. शहराचं धोरण किंवा मुरलेली वहिवाटच त्या कृत्याच्या मुळाशी होती, हे सिद्ध करावं लागतं. ऑक्टोबर 2021 ची तारीख, महापौरांचे आकडे आणि 'रन टॅक्स' हे सगळं या दाव्यात कळीचं ठरतं ते म्हणूनच.

बळ रास्त होतं की नाही, याची कसोटीही गाडी अडवण्याच्याच एका घटनेतून आलेली आहे. नोव्हेंबर 1984, नॉर्थ कॅरोलिनातलं शार्लट. डेथोर्न ग्रॅहॅम या मधुमेही माणसाची साखर उतरली. मित्राच्या गाडीतून तो संत्र्याचा रस घ्यायला दुकानात गेला, लांब रांग पाहून घाईने परत फिरला. पोलिसाला संशय आला, गाडी अडवली गेली. बेड्या घातल्या, पायाचं हाड मोडलं, मित्राने आणलेला रसही देऊ दिला नाही. 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की त्या जागी एखादा समंजस पोलीस कसा वागला असता, एवढं पाहायचं. मागाहून सुचलेल्या शहाणपणाने त्याला तोलायचं नाही. हे वाजवीच वाटतं. पण काही खालच्या न्यायालयांनी त्यातून भलताच अर्थ काढला: फक्त धोक्याचा क्षण पाहा, त्याआधीचं सोडून द्या.

तो अर्थ मोडायला पुन्हा एक आईच न्यायालयात गेली. 2016 मध्ये ह्यूस्टनजवळ ॲश्टियन बार्न्स या 24 वर्षांच्या तरुणाची भाड्याची मोटार टोल थकल्यावरून अडवली गेली. गाडी हलू लागताच पोलिसाने दाराच्या पायरीवर उडी घेतली आणि दोन सेकंदांत गोळ्या झाडल्या. खालच्या न्यायालयांनी ते दोनच सेकंद पाहिले. 15 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की असं डोळ्यांना झापडं लावून चालणार नाही, आधीपासूनची सगळी परिस्थिती पाहावीच लागेल. खटला फेरविचारासाठी खाली गेला. पोलिसाने स्वतःच धोका ओढवून घेतला असेल तर काय, हा प्रश्न न्यायालयाने तूर्त बाजूला ठेवला.

यातले बरेच दावे निकालापर्यंत पोचतच नाहीत. गाडी अडवल्यानंतर पोलिसांच्या गोळीने मारल्या गेलेल्या तिघांचंच पाहा: मागचा दिवा बंद म्हणून अडवलेल्या वॉल्टर स्कॉटच्या कुटुंबाला 65 लाख डॉलर मिळाले, फिलांडो कॅस्टिलच्या आईला सुमारे 30 लाख, डॉन्टे राइटच्या कुटुंबाला साडेबत्तीस लाख. तडजोड झाली की कुटुंबाला पैसे मिळतात, आणि ते बहुधा शहराच्या तिजोरीतून किंवा विम्यातून जातात. चूक कुणाची, हे मात्र न्यायालयाच्या तोंडून बाहेर येत नाही. ज्यांनी पोर गमावलं त्या घरांना तडजोडीबद्दल बोल लावणं अन्यायाचं होईल. दोष त्या शहरांचा, जी रक्कम मोजतात आणि पथक तसंच ठेवतात.

त्यानंतर

एप्रिल 2023 मध्येच मेम्फिसच्या नगर परिषदेने टायरीच्या नावाने ठराव केला: एखादा दिवा बंद, बंपर सैल अशा किरकोळ कारणांवरून गाडी अडवायची नाही. मार्च 2024 मध्ये टेनेसी राज्याने कायदा करून तो निष्प्रभ ठरवला.

राज्याच्या खुनाच्या खटल्याखेरीज संघराज्याने पाचही जणांवर हक्कभंगाचा वेगळा खटला भरला होता. त्यात मार्टिन आणि मिल्स यांनी गुन्हा कबूल केला. उरलेल्या तिघांबाबत ज्यूरीने 3 ऑक्टोबर 2024 ला निकाल दिला, एडवर्ड गार्नरला गोळी लागली त्याला बरोबर 50 वर्षं झाली त्या दिवशी. मृत्यूला कारण झाल्याच्या आरोपातून तिघेही सुटले. माहिती दडवून तपासात अडथळा आणल्याबद्दल तिघेही दोषी ठरले, आणि हेली त्याशिवाय हक्कभंगाच्या सौम्य कलमाखालीही. मे 2025 मध्ये राज्याच्या खटल्यात तिघेही सर्व आरोपांतून निर्दोष सुटले. ऑगस्ट 2025 मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने आधीच्या न्यायाधीशांच्या निःपक्षपातीपणावर प्रश्न उभा राहिल्याने त्या तिघांचा खटला नव्याने चालवण्याचा आदेश दिला.

केंद्रीय न्याय खात्याने डिसेंबर 2024 मध्ये मेम्फिस पोलिसांवर अहवाल दिला होता: जादा बळ, बेकायदा अडवणूक, कृष्णवर्णीयांशी भेदभाव. मे 2025 मध्ये नव्या सरकारच्या न्याय खात्याने ते निष्कर्ष मागे घेतले आणि चौकशी बंद केली.

फौजदारी खटल्यांत आरोपी होती ती माणसं. पथक ज्याने काढलं, चालवलं आणि ज्याच्या आकड्यांचा गौरव केला, ते मेम्फिस शहर टायरीच्या मृत्यूबद्दल न्यायालयात प्रतिवादी झालं ते त्याच्या आईने दाखल केलेल्या दिवाणी दाव्यामुळे.